इभूत लावलेली कादंबरी

शप्पत सिद्धरामेश्वराची, ह्यातला एकन् एक शबूद खरा हाय. खोटं निघालं तर माझ्या जिभंला फोड येऊ दे, आन त्यो फोड दिवाळीचा फराळ सपंपत्तूर बरा हुऊ ने. भर रस्त्यात, चालत्या टांग्याच्या आडवी, पार्वतम्मा शेनाची पाटी घेऊन उबी ऱ्हायली हुती. टांग्यावर ढोल बडवत हुते, दोन्ही अंगांना सिनेमाचे रंगीत बोर्ड टांगले हुते, आन घोड्याच्या तोंडाला बी पावडर लावलेली हुती.

"थांबीव," पार्वतम्मा म्हनाली.

टांगेवाल्यानं लगाम वढला. बोर्डाशेजारी कर्णा घिऊन बसलेला मानूस खाली वाकला.

"आत्ता काय म्हनलास? परत म्हन."

"येत्या इतवारी दुपारी, खास बायामान्सांसाठी परद्याची सोय! राजपुत्र मणिकेतू, सात समुद्रांपल्याडची चेटकीन, उडतं जहाज, बोलता पोपट..."

"मणिकेतू?"

"व्हय आजी."

"त्येच्या गळ्यात काय असतंय?"

कर्णेवाल्याला असा सवाल कुनी केला न्हवता. त्यानं बोर्डाकडं बघितलं. "चांदीची डबी असती की. चेटकीन ती चोरती. म्होरलं इतवारी."

"आन पोपट हिरवा का पांढरा?"

"पांढरा."

पार्वतम्मानं पाटी खाली ठेवली. हात शेनाचे हुते, म्हून मनगटंच कपाळाला लावली.

"शिवा शिवा. आरं, ही तर आमची पोथी हाय. तुमच्याकडं कशी आली?"

कर्णेवाला बारा गावचं पानी प्यालेला. त्यानं एक डाव टांगेवाल्याकडं बघितलं, आन हात जोडले.

"पुरानच हाय आजी. सगळ्या घराला घिऊन या."

टांगा फुडं गेला. मागं दारात पार्वतम्माची सून गिरिजा जवारीचं पीठ चाळत बसली हुती. तिच्या हातातली चाळन जमिनीवर पडली आन गोल फिरत फिरत पार न्हानीपत्तूर गेली. गिरिजा तिला धराय उठली न्हाय.

घर सात रस्त्याच्या चौकाअलीकडं. म्होरं सुताचं दुकान, मागं ऱ्हायाची जागा. दुकान पार्वतम्माचा ल्योक चन्नवीर बघायचा, आन घर, ल्योक आन दुकान तिन्ही पार्वतम्मा बघायची. लिंगायताचं कडक घर. सकाळी आंघुळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घिऊन पूजा झाल्याबिगर कुनी पान्याचा घोट घ्यायचा न्हाय. त्ये लिंग जल्मापास्नं मरंपत्तूर अंगावर असतंय, चांदीच्या डबीत. हरवलं, तर घावंपत्तूर अन्न न्हाय, पानी न्हाय. चन्नवीर ल्हान असताना एकदा न्हाताना त्येचं लिंग मोरीत गेलं, तर पार्वतम्मानं दोन भिंती खनून काढल्या हुत्या. भिंतीचा काय संबंध, असं इचारायची कुनाची टाप न्हवती.

अशा घरात गिरिजा बार्शीहून लगीन होऊन आली. चार वर्सं झाली हुती. येताना ट्रंकंत तिच्या भावानं दिलेलं एक पुस्तक हुतं, लुगड्यांच्या बुडाशी, तांबड्या फडक्यात गुंडाळलेलं. पुठ्ठा तिनं बार्शीलाच फाडून टाकला हुता, कारन पुठ्ठ्यावर चेटकीन हुती आन चेटकिनीच्या अंगावर कापड कमी हुतं. नाव हुतं 'सात समुद्रांचा ताईत'. कादंबरी.

चार वर्सं ती फडक्यात ऱ्हायली. मग आट म्हयन्यांमागं पार्वतम्मानं ट्रंक उन्हाला लावाय काढली, आन फडकं तिच्या हाताला लागलं.

"काय गं ह्ये?"

गिरिजाच्या तोंडातनं निगून गेलं, "पोथी."

"कशाची?"

"शिवाची."

"मग ट्रंकंत का कोंडलीस? वाच की."

झालं. त्या दिसापास्नं रोज दुपारी जेवनं झाली की पाटावर पोथी बसायची. तिला इभूतीची तीन बोटं लागायची, बेलाचं पान व्हायलं जायचं. शेजारची चंद्रव्वा यायची, शेंगांचं सूप घिऊन. पार्वतम्मा आन चंद्रव्वा शेंगा फोडायच्या, गिरिजा वाचायची. भिक्षंला आलेले शिवशरण अय्या बी दारात टेकायचे आन दूध पिऊन एक अध्याय ऐकूनच उठायचे. अय्या म्हंजी मठातले जंगम, घरादाराचे गुरू. त्येंचं वय कुनालाच म्हाईत न्हवतं, त्येंना बी न्हाय.

आता कादंबरीची पोथी करायची तर थोडं हिकडं तिकडं करावंच लागतंय. राजपुत्राच्या गळ्यात चांदीच्या डबीतला ताईत हुता, गिरिजानं त्येचं लिंग केलं. चेटकिनीनं ताईत पळवल्यावर पुस्तकातला राजपुत्र म्होरल्याच पानावर तिच्याच हातचं जेवतो. गिरिजानं त्येला तीन दिस निर्जळी उपास घडवला. चंद्रव्वा रडली. अय्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला. पार्वतम्मा म्हनाली, "मानसानं असं असावं."

आसंच चाललं असतं. पर मग राजमातंचा अध्याय आला.

पुस्तकातली राजमाता म्हंजी राजपुत्राची आई. ती सुनंला म्हायेरला जाऊ देत न्हाय. हाताला धरून वढत न्हेती आन बुरजात कोंडती. गिरिजानं त्ये पान अदल्या दिशीच मनातल्या मनात वाचून ठिवलं हुतं. दुपारी त्येच पान उघडलं, समूर सासू बसलेली. त्याच सकाळी बार्शीहून भावाचं कार्ड आलं हुतं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला हुता, आन भावानं शेवटच्या वळीत लिवलं हुतं, आई आता मानसं आवाजावरनं वळखती. चार वर्सांत गिरिजाला एकदा बी नागपंचमीला म्हायेरला धाडलं न्हवतं. दर साली कायतरी निगायचं. एका साली म्हस याली, एका साली सुताचा भाव पडला.

गिरिजानं डोळे कागदावर ठिवले आन तोंडानं दुसरंच म्हनाली.

"मग राजमातंनं आपल्या हातानं सुनंची ट्रंक भरली. म्हनाली, जा बाळ, पंचमी जवळ आली. आईच्या डोळ्यांनी तुला एकदा बघू दे."

पार्वतम्माच्या बोटांत एक शेंग हुती. ती फुटली न्हाय. पार्वतम्मानं ती तशीच धरून ठिवली, अध्याय सपंपत्तूर. मग सुपात परत टाकली.

दुसऱ्या दिशी सकाळी ती चन्नवीरला म्हनाली, "बार्शीला कार्ड टाक. पंचमीला गिरजाला न्ह्यायला या म्हनाव."

आता पंचमी आली हुती सा दिसांवर. भाऊ बुधवारी येनार हुता. आन इतवारी, भर थेटरात, परद्यावर, राजमाता सुनंला वढत न्हेनार हुती.

गिरिजानं काय काय करून बघितलं. पैल्यांदा पोटात दुखलं. पार्वतम्मानं ववा दिला. मग ती म्हनाली, अंधारात चित्रं बघून डोळे जातात म्हनं. पार्वतम्मा म्हनाली, "देवाचं बघून गेले तर देव देईल." मग गिरिजानं नवऱ्याला फुडं घातलं, कारन चन्नवीरला सिनेमाचा मूळचाच राग हुता.

"अव्वा, तितं कसली कसली मानसं असत्यात. इड्या वढत्यात, शिट्ट्या मारत्यात. लिंगायताच्या बायका तितं गेल्या तर पेठंत काय म्हनतील?"

"पोथीच्या दर्शनाला लाज कसली रं?"

"सिनेमा हाय त्यो, अव्वा."

"तुला रं काय कळतंय? आट म्हयन्यांत एक अध्याय तरी ऐकलास का?"

शेवटी शिवशरण अय्यांना इचारलं. अय्यांनी डोळे मिटले, लई येळ मिटलेले ठिवले. झोप लागली का काय, असं वाटाय लागलं.

"देव दगडात हाय," अय्या म्हनाले. "बेलाच्या पानात हाय. मग परद्यात नसंल कशावरनं? फक्त आंघुळ करून जावं, अनवानी जावं. आन कुनीतरी जानकार मानूस संगं असावा."

"जानकार कोन, अय्या?"

"मी येतो की," अय्या म्हनाले.

इतवारी दुपारी घर निगालं. म्होरं अय्या शंख घिऊन, मागं चन्नवीर टोपी नाकावर वढून, त्येच्या मागं पार्वतम्मा नारळ घिऊन, मग चंद्रव्वा, आन सगळ्यांत मागं गिरिजा. सगळ्यांच्या कपाळाला इभूत, सगळे अनवानी. रस्ता तापलेला हुता. बघनाऱ्यांना वाटलं कुनाचा तरी नवस फेडाय चाललेत. दोघं तिघं पाया पडले.

थेटर म्हंजी पत्र्याचं मोटं गोदाम, खिडक्यांना काळी कापडं. पार्वतम्मानं उंबऱ्यावर नारळ फोडला. दारावरचा मानूस आडवा आला, तर तिनं त्येच्याच हातात खोबऱ्याची कवड ठिवली. त्यानं ती खाल्ली. आत बायकांना एक अंग परदा लावून दिलेलं हुतं. बाकं हुती, पर पार्वतम्मा बाकावर बसली न्हाय. देवापुडं बाकावर कोन बसतंय? ती खाली बसली, म्हून चंद्रव्वा खाली बसली, म्हून गिरिजा खाली बसली. अंधार झाला तसा गड्यांच्या अंगानं शंख वाजला. पेटीवाल्याला वाटलं आपलाच कुनीतरी असंल, त्यानं बी सूर धरला.

त्या टायमाची चित्रं मुकी. पेटी-तबला तेवढा वाजायचा, आन मदी मदी परद्यावर अक्षरं यायची. बायकांत वाचाय येनारी गिरिजा एकटी.

"काय लिवलंय?" पार्वतम्मानं इचारलं.

तवा गिरिजाच्या जीवात जीव आला. वाचायचं तिलाच हुतं. पुस्तक काय, परदा काय.

"राजपुत्र मणिकेतू शिवपूजा करून निगाला," ती म्हनाली. परद्यावर लिवलं हुतं, मृगयेसाठी प्रयाण.

राजपुत्र दिसला तशी पार्वतम्मानं हात जोडले. गोरापान हुता, मिशा कोरलेल्या, गळ्यात चांदीची डबी. "हुबेहूब," चंद्रव्वा म्हनाली, जशी काय ती त्येच्या बारशाला गेली हुती. उडतं जहाज दोरीनं बांधलेलं हुतं आन ती दोरी दिसत हुती. पार्वतम्मा म्हनाली, त्यो शेष हाय. पोपट आला, पांढरा. सगळं पोथीपरमानं चाललं हुतं.

मग चेटकीन आली. तिनं झोपलेल्या राजपुत्राच्या गळ्याला हात घातला आन डबी तोडून घेतली. एका दमात पार्वतम्मा, चंद्रव्वा आन गिरिजा तिघींचे हात आपापल्या गळ्याकडं गेले. गिरिजाचा बी. तिला म्हाईत हुतं त्यो ताईत हाय, तरी गेला.

"आता तीन दिस निर्जळी," पार्वतम्मा कुजबुजली, आन मांडी सावरून बसली, जशी संगंच उपास धरनार हुती.

परद्यावर राजपुत्र जागा झाला. चेटकिनीच्या मांडीवर डोकं ठिवलं. चेटकिनीनं द्राक्षांचा घड वर धरला आन राजपुत्रानं आ केला.

पार्वतम्मा उटून उबी ऱ्हायली.

"आरं मुडद्या! लिंग गेलं आन द्राक्षं खातोस?"

"कूर्चो अव्वा, कूर्चो!" मागनं साळ्यांच्या बायका तेलगूत वरडल्या. "बस खाली!"

"बसा, आत्याबाई," गिरिजानं पदर वढला. "लिवलंय की म्होरं. चेटकिनीची माया हाय ती. त्येच्या पोटात काय जात न्हाय."

"मग गिळतोय काय?"

"आवंढा."

पार्वतम्मा बसली. बसली खरी, पर त्येच्यापुडं राजपुत्र दिसला की तिनं हात काय जोडले न्हाईत.

मधल्या सुट्टीत फुटाणेवाला आला. पार्वतम्मानं काय घेतलं न्हाय, म्हून कुनीच घेतलं न्हाय. गड्यांच्या अंगाला अय्या दोन मुठी फुटाणे खाताना चंद्रव्वाला दिसले. तिनं त्ये कुनाला सांगितलं न्हाय. मला सांगितलं.

दिवे परत गेले. आता राजवाडा आला. सून आली, नाजूक, हातात म्हायेरचं पत्र. मग राजमाता आली. थोराड बाई, कपाळ मोटं, वठ घट मिटलेले, लुगड्याचा काचा आवळलेला. थेटरात कुनीतरी हसलं. गिरिजानं बाजूला बघितलं न्हाय. परद्यावरली बाई कुनासारखी दिसती ह्ये तिला बघायची गरज न्हवती.

राजमातंनं पत्र घेतलं, वाचलं, फाडलं. सुनंचं मनगट धरलं. दगडी पायऱ्यांवरनं तिला वढत न्ह्यायला लागली. सुनंचे केस सुटले. पेटीवाल्यानं पेटी जोरात वाजवली. मग काळा परदा झाला आन मोठी मोठी पांढरी अक्षरं आली. या जन्मी तुला माहेरचे दर्शन होणार नाही.

"काय लिवलंय?"

"राजमाता म्हनती... जा बाळ, म्हायेरला जाऊन ये."

अक्षरं गेली. राजमाता अजून वढतच हुती.

"मग वढत का न्हेतीया?" पार्वतम्मानं इचारलं.

"गाडी सुटायची येळ झालीया, आत्याबाई."

परद्यावर बुरजाचं दार लागलं. सून दाराला आतनं डोकं टेकून बसली. लई येळ ती तशीच दाखवली, नुसती बसलेली. पार्वतम्मानं नजर काडली न्हाय. तिचा उजवा हात तिच्याच डाव्या मनगटावर गेला आन त्ये चोळाय लागला, जसं जुनं दुखनं चोळावं तसं. शेवटापत्तूर चोळत ऱ्हायली. त्येच्यापुडं परद्यावर आनिक चार-पाच डाव अक्षरं आली. काय लिवलंय, असं तिनं एकदा बी इचारलं न्हाय.

घर आलं. चन्नवीरनं टोपी खुंटीला अडकवली आन वळला.

"अव्वा, बोर्ड वाचला मी. भाईर पाटी हाय एवढी मोटी. कादंबरीवरनं घेतलेलं चित्र, लिवलंय तितं. कादंबरी! पोथी न्हवंच ती. राजवाड्यातल्या नाटकी गोष्टी. आट म्हयने ही तुला फसवतीया." त्येनं गिरिजाकडं बोट केलं. "आन ताईत हुता त्यो, ताईत! लिंग न्हवतं. ताईत बांधनाऱ्याची गोष्ट तू शिवाच्या म्होरं बसून ऐकलीस."

गिरिजा चुलीपाशी उबी हुती. तिनं हात पदरात गुंडाळले.

चन्नवीर देव्हाऱ्यापाशी गेला. पाटावरची पोथी त्येनं उचलली, बेलाचं पान खाली पडलं. "ही चुलीत जानार. आन बार्शीला उद्याच्याला दुसरं कार्ड जानार. न्ह्यायला येऊ नका म्हून."

"अय्या," पार्वतम्मा म्हनाली. "तुमी बोला."

अय्या उंबऱ्यावर पाय पुसत बसले हुते.

"मी ह्या पोथीचे लई अध्याय ऐकले," त्ये म्हनाले. "हर अध्यायाला दूध प्यालो. ती पोथी न्हवं म्हनशील, तर मग त्यो परसाद न्हवं. मग मी आट म्हयने काय प्यालो? तूच सांग, चन्नवीरा."

"ठेव ती खाली," पार्वतम्मा म्हनाली.

"अव्वा, कादंबरी..."

"आट म्हयने इभूत लावलीया तिला. दगडाला इभूत लावली की देव हुतो, मग कागदाची पोथी हुईना व्हय? ठेव. आन पायाला हात लाव तिच्या."

"पोथीला पाय कुटं असत्यात, अव्वा?"

"मग कपाळ लाव."

चन्नवीरनं पोथी पाटावर ठिवली. कपाळ लावलं. कपाळावरली इभूत पुस्तकावर उमटली, का पुस्तकावरली कपाळावर, त्ये काय सांगता येनार न्हाय.

"आन ह्यो सिनेमा," पार्वतम्मा म्हनाली, "सगळा खोटा हाय. आमची पोथी चोरून न्हेली आन वाट लावली मेल्यांनी. द्राक्षं काय खाईल त्यो? सुनंला काय कोंडंल ती? पेठंत कुनी इचारलं तर सांगायचं, पार्वतम्मानं सोता जाऊन बघितलंय, त्यात काय बी खरं न्हाय. मूळ पोथी आमच्या घरात हाय."

असं तिनं पंधरा घरांत सांगितलं. चंद्रव्वानं आनिक तीस घरांत. त्यामुळं झालं काय, पुडच्या इतवारी थेटरात लिंगायतांच्या बायका मावंनात. सगळ्या जनी खोटं कुटं कुटं हाय त्ये बघाय गेल्या हुत्या.

पर त्ये पुडं. सोमवारी दुपारी जेवनं झाली. चंद्रव्वा त्या दिशी आली न्हवती, तिचे पाय सुजले हुते अनवानी चालून. अय्या बी आले न्हाईत. पाटावर पोथी, समूर सासू, हिकडं सून, मदी शेंगांचं सूप.

गिरिजानं पोथी उघडली न्हाय.

"आत्याबाई," ती म्हनाली. "मी..."

"वाच."

"पर त्ये राजमातंचं पान..."

"त्ये झालं की वाचून. त्येच्या म्होरलं वाच." पार्वतम्मानं एक शेंग घेतली. "ज्या पानावर सून म्हायेराहून परत येती. पंधरा दिस न्हाय ऱ्हात ती, आट दिसांत येती. सासूला पोथी ऐकायची सवय लागलेली असती ना."

गिरिजानं मान वर केली. पार्वतम्मा शेंगंकडं बघत हुती.

"असं पान न्हाय ह्यात, आत्याबाई."

"असंल. नीट बघ."

गिरिजा पानं उलटाय लागली. दोन दोन पानं एकदम उलटत हुती. मग एका पानावर ती थांबली. त्या पानावर समुद्राचं वादळ हुतं.

"घावलं?"

"घावलं, आत्याबाई."

"वाच मग." पार्वतम्मानं शेंग अंगठ्याखाली धरली. "माझ्या येळंला ह्या घरात कुनाला वाचाय येत न्हवतं."

शेंग फुटली. गिरिजा डोळे कागदावर ठिवून वाचाय लागली.

आता शप्पत घेतलीया म्हून सांगते, न्हायतर सांगितलं नसतं. ह्यात एक गोष्ट मी रचलीया. घोड्याची पावडर खरी हाय, अय्यांचे फुटाणे खरे हायत. पर सासूनं थेटरात इचारलं, वढत का न्हेतीया, तवा सुनंच्या तोंडातनं शबूदच फुटला न्हाय. अंधारात दोघी नुसत्या बसून ऱ्हायल्या. गाडी सुटायची येळ झालीया, ह्ये उत्तर मला सुचलं त्ये बुधवारी, भावासंगं म्हायेरला जाताना, कुर्डुवाडीच्या फलाटावर, बार्शीची गाडी खरंच सुटाय लागली तवा.